चांद्र अशनींचा बाजार: एका हळहळीचे खंडन

२०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावघरात मंगळावरून आलेला २४.६७ किलोंचा एक दगड विकला गेला. शुल्क धरून किंमत झाली सुमारे ५३ लाख डॉलर. दगड नायजरच्या अगादेझ भागात सापडलेला होता आणि विक्रीनंतर तो देशाबाहेर गेलाच कसा, याची तिथल्या सरकारने चौकशी लावली. अशा लिलावाची बातमी आली की तिच्या पाठोपाठ एक हळहळही येते. आकाशातून आलेली वस्तू ही साऱ्या मानवजातीची ठेव. तिचा बाजार मांडणे मुळातच गैर. घेणारा धनिक ती तिजोरीत कोंडणार, शास्त्रज्ञ हात चोळत बसणार आणि उन्हातान्हात ती शोधणाऱ्या भटक्याच्या हातावर चार दमड्या टेकवल्या जाणार. अशा दगडाची जागा संग्रहालयात. ती त्याला मिळवून द्यायची तर अशनींच्या खरेदी-विक्रीला सरसकट बंदी हवी.

हा झाला पूर्वपक्ष. तो केवळ भाबड्या माणसांचा नाही. चांगल्या शास्त्रज्ञांनीही तो मांडला आहे आणि त्यातली कळकळ खोटी नाही. म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे की निदान चंद्रावरून आलेल्या अशनींपुरता हा पक्ष टिकत नाही. हे दगड विज्ञानाच्या हाती लागले ते बहुतांशी बाजारामुळे, बाजार असूनही नव्हे. आणि बंदीने जे वाचेल असे सांगितले जाते तेच बंदीने आधी नष्ट होते. मंगळ सोडून चंद्राकडे वळण्याला कारण आहे. मंगळावरून माणसाने अजून खडाही आणलेला नाही. चंद्रावरून आणलेला आहे. सरकारांनी आणलेला चंद्र एका बाजूला, वाळवंटातून बाजारात आलेला चंद्र दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही मांडून पाहता येते.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला करू. चंद्राचा दगड खासगी माणसाने बाळगणे हाच गुन्हा आहे, असे अनेकांना वाटते. हा समज अपोलोच्या नमुन्यांवरून आला. १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली आणि ती अमेरिकी सरकारच्या मालकीची आहे. ती चंद्राची आहे म्हणून नव्हे, सरकारने सरकारी पैशाने आणली म्हणून. १९९८ साली अमेरिकेत सापळा लावून एक चांद्रखडा पकडला गेला. वजन १.१४२ ग्रॅम, विकणाऱ्याची मागणी ५० लाख डॉलर. निक्सन यांच्या काळात तो होंडुरासला भेट दिलेला होता. खटला चालला तो थेट त्या पारदर्शक प्लास्टिकच्या गोळ्यावर, ज्यात खडा बसवला होता. अमेरिकी कायद्यात वस्तूच प्रतिवादी होऊ शकते. न्यायालयाने २००३ मध्ये तो जप्त ठरवताना पाहिले काय, तर होंडुरासच्या कायद्यानुसार ती राष्ट्राची मालमत्ता होती का आणि ती चोरीला गेली का. चंद्राचा प्रश्न आलाच नाही. १९६७ चा अंतराळ करार राष्ट्रांना चंद्रावर मालकी सांगू देत नाही. १९७९ च्या चंद्र कराराने चंद्रावर जागच्या जागी असलेली साधनसंपत्ती कोणाची होऊ नये असे म्हटले (भारताने त्यावर सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही). आपणहून उडून येऊन सहारात पडलेल्या दगडाला यांतले काहीच लागू होत नाही. त्याचा मालक कोण, हे तो ज्या जमिनीवर पडला तिथला कायदा ठरवतो. मग वाद उरतो नीतीचा आणि विज्ञानाचा.

विज्ञानाच्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप पुरातत्त्वाकडून उसना घेतलेला आहे. देवळातून मूर्ती उचलली की मूर्ती वाचते, पण तिचे देऊळ, तिची दिशा, तिच्या पायाखालचा थर हे सगळे पुसले जाते. तसेच अशनीचे होते, असे म्हणतात. ऐकायला पटते. पण चंद्राच्या दगडाचे देऊळ वाळवंटात नव्हतेच. चंद्रावर आघात झाला, विवर पडले, त्यातून काही तुकडे सेकंदाला २.३८ किलोमीटरहून जास्त वेगाने उडाले (पृथ्वीवरून निसटायला ११.२ लागतात, चंद्राला इतकी ताकद लागत नाही) आणि हजारो वा लाखो वर्षे भटकून पृथ्वीवर आले. मूळ जागेशी त्यांचे नाते तुटले ते त्या आघाताच्या क्षणी. ते विकणाऱ्या मोरोक्कोतल्या एर्फूदच्या दुकानदाराने ते तोडले नाही.

शिवाय हा दगड आपला पत्ता बऱ्याच अंशी अंगावरच बाळगून असतो. वैश्विक किरणांनी त्याच्यात काही समस्थानिके तयार झालेली असतात. त्यांवरून तो चंद्रावर किती खोल होता, अवकाशात किती काळ होता, पृथ्वीवर पडून किती वर्षे झाली, हे काढता येते. त्यातले लोह आणि थोरियम मोजून ते चंद्राभोवती फिरलेल्या यानांच्या नकाशांशी ताडून पाहता येते. ओमानमध्ये २००२ साली सापडलेला सय्यह अल उहयमिर १६९ हा २०६ ग्रॅमचा दगड घ्या. त्यात थोरियम आणि त्याच्या सोबतीची मूलद्रव्ये इतकी ठासून भरली होती की २००४ मध्ये संशोधकांनी त्याचे मूळ इम्ब्रियम खोऱ्याच्या परिसरात शोधले आणि लालांद विवराकडे बोट दाखवले. मूर्ती मुकी असते म्हणून तिला जागा लागते. हा दगड बोलका आहे.

तो दिसतो कसा, हेही पाहिले पाहिजे, कारण बाजाराची सारी मदार त्यावर आहे. कापून घासलेला चांद्र अशनी पाहिला की जुन्या बिल्डिंगांतली मोझॅकची फरशी आठवते: राखाडी भरावात पांढऱ्या खडीचे लहानमोठे, कोनेदार तुकडे. ते पांढरे तुकडे म्हणजे ॲनॉर्थोसाइट, चंद्राच्या पहिल्या कवचाचा खडक, बहुतेक सगळा फेल्डस्पारचा. आघातांनी तो फुटत गेला, भुगा झाला, आणि पुढच्या आघातांच्या दाबाने तो भुगा पुन्हा दगड झाला. हे झाले आतले. बाहेरून मात्र तो रस्त्याकडेच्या धोंड्यासारखा. वातावरणातून येताना बसलेले पातळ काळे कवच वाळूच्या माऱ्याने बऱ्याचदा घासून गेलेले असते. सर्वसाधारण अशनीत लोखंडाचे कण असतात, लोहचुंबक त्याला टणकन चिकटतो. चंद्राच्या दगडात धातू जवळजवळ नसतोच, त्यामुळे चुंबक ढिम्म राहतो आणि धातुशोधक यंत्र गप्प. आणखी एक गोष्ट: चांद्र अशनी पडताना आजवर कोणी पाहिलेला नाही. जे मिळाले ते सगळे शोधून मिळाले. म्हणजे हा दगड सापडायचा तर कोणीतरी मैलोन्‌मैल जमिनीकडे डोळे लावून चालले पाहिजे, हजारो दगडांतून वेगळा दगड उचलला पाहिजे आणि त्या उचलण्यात त्याला काही मिळाले पाहिजे.

सरकारी खर्चाने असे चालणारे लोक आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अमेरिकी आणि जपानी पथके गेली कित्येक दशके अशनी वेचत आहेत. पहिला चांद्र अशनी ओळखला गेला तोही तिथलाच. जानेवारी १९८२ मध्ये मिळालेला, ३१.४ ग्रॅमचा ॲलन हिल्स ८१००५. स्मिथसोनियनच्या ब्रायन मेसन यांनी त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यांना अपोलोच्या खडकांची आठवण झाली. जपान्यांनी १९७९ मध्येच एक उचलला होता, पण तो चंद्राचा आहे हे मागाहून कळले. या कामाला माझा पुरता मुजरा आहे. पण हिशेब करा. बर्फावरून आलेले चांद्र अशनी काही डझन भरतात. आज नोंदलेल्यांची संख्या सहाशेच्या वर गेली आहे. बाकीचे आले कुठून? थोडे ओमानमधून, बहुतेक सहारातून, आणि सहारातले जवळपास सगळे पैसे मोजून.

अंटार्क्टिकाबाहेरचा पहिला चांद्र अशनी तर दुकानदारीच्या नजरेनेच ओळखला गेला. एका अमेरिकन व्यापाऱ्याने ऑस्ट्रेलियातून मिलबिलिली नावाच्या अशनीचे तुकडे ठोक भावात घेतले. त्या ढिगात एक खडा त्याला वेगळा वाटला. १९ ग्रॅमचा. त्याने तो ॲरिझोना विद्यापीठाकडे दिला आणि तो चंद्राचा निघाला: कॅल्कालाँग क्रीक. हे १९९० च्या आसपासचे. वाटते, कोण्या संग्रहालयाच्या कोठारात तोच ढीग गेला असता तर तो खडा किती वर्षे मिलबिलिली म्हणूनच पडून राहिला असता?

मग सहारा उघडला. मोरोक्कोच्या एर्फूद आणि रिसानी या गावांत आधीपासून जीवाश्मांचा धंदा होता. त्रिखंडी प्राण्यांचे, म्हणजे ट्रायलोबाइटचे दगड फोडून, साफ करून विकणारी घराणी तिथे होती. त्या हातांना दगड पारखायची सवय होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी काळ्या दगडालाही गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर मोरोक्को, अल्जेरिया, माली, मॉरिटानिया या पट्ट्यातले उंटवाले आणि मेंढपाळ नजर ठेवून चालू लागले. दगड गावच्या मध्यस्थाकडे, तिथून एर्फूदला, तिथून ॲरिझोनातल्या टूसॉनच्या, म्युनिकच्या किंवा फ्रान्समधल्या एन्सिसहाइमच्या जत्रेत. दगडाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो तो याच वाटेवर कुठेतरी.

या वाटेने काय आले? १९९९ मध्ये मिळालेला नॉर्थवेस्ट आफ्रिका ०३२ हा सुमारे ३०० ग्रॅमचा बेसाल्ट. त्याचे वय निघाले साधारण २९० कोटी वर्षे, अपोलोने आणलेल्या कुठल्याही बेसाल्टपेक्षा कमी. चंद्रावरचे ज्वालामुखी अपोलोच्या नमुन्यांवरून वाटत होते त्याहून उशिरापर्यंत जागे होते, हे चीनच्या छांग-अ ५ यानाने २०२० मध्ये २०० कोटी वर्षांचा बेसाल्ट आणण्याच्या पुष्कळ आधी सहारातल्या एका विकाऊ दगडाने सांगितले. २०१८ मध्ये जपानी संशोधकांना नॉर्थवेस्ट आफ्रिका २७२७ मध्ये मोगॅनाइट हे खनिज मिळाले. ते बनायला पाणी लागते. २०२५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने नॉर्थवेस्ट आफ्रिका १६२८६ चे वय २३५ कोटी वर्षे असल्याचे जाहीर केले. ३११ ग्रॅमचा दगड, २०२३ मध्ये सापडलेला. अपोलो आणि सोव्हिएत लुना यानांनी आणलेले जुने बेसाल्ट आणि छांग-अ ५ चे तरुण बेसाल्ट यांच्या मधल्या रिकाम्या काळातला तो साक्षीदार. बंदी असती तर हे तीनही दगड कुठे असते याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यावे. संग्रहालयात नक्कीच नाही, वाळूतच.

यामागे एक भूगोलही आहे, जो हळहळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. अपोलोची सहाही ठिकाणे आणि सोव्हिएत लुनाची तीनही चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला, एकमेकांपासून फार दूर नसलेली. यानाला उतरायला सपाट, संपर्काला सोयीची जागा हवी होती. ते बरोबरच होते, पण त्यामुळे चंद्राचा जो भाग थोरियमसारख्या मूलद्रव्यांनी अपवादाने समृद्ध आहे, त्याच्या आसपासचेच नमुने हातात आले आणि त्यावरून साऱ्या चंद्राची कल्पना बांधली गेली. आघात अशी निवड करत नाहीत. ते पाठीमागची बाजूही फोडतात, ध्रुवही फोडतात. म्हणून अशनींतला चंद्र अपोलोच्या चंद्रापेक्षा जास्त प्रातिनिधिक आहे. आपल्या चांद्रयान-३ च्या रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत ॲनॉर्थोसाइटी घडण मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी ती २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडताना अपोलो १६ आणि लुना २० च्या मातीशी तुलना केली. चंद्राच्या उंच प्रदेशाचे कवच सगळीकडे असेच असावे, हे फेल्डस्पारने भरलेले वाळवंटी अशनी आधीपासून सुचवत होतेच.

आता तिजोरीचा आक्षेप. व्यापाऱ्याला आपला दगड चंद्राचा म्हणून विकायचा असेल तर त्याला मिटिऑरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडून नाव मिळवावे लागते. नाव मिळायला शास्त्रज्ञाने दगड तपासलेला हवा आणि २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांतले जे कमी ते, मान्य संस्थेत कायमचे जमा झालेले हवे. नावाविना दगडाला भाव नाही. म्हणजे लोभच दगडाला प्रयोगशाळेच्या दारात आणून उभा करतो. मोठ्या दगडांसाठी हे २० ग्रॅम तोकडे आहेत, हे मला मान्य आहे. ५८ किलोचा एक चांद्र अशनी आहे, त्यातून २० ग्रॅम म्हणजे चिमूट. प्रमाण वाढवावे. पण खडकाचे वय मिलिग्रॅमांवर मोजले जाते आणि सूक्ष्मदर्शकाचा काप केसाहून बारीक असतो, हेही विसरू नये. आणि तो ५८ किलोचा दगड तिजोरीत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बेथेल या गावी खनिज संग्रहालयात तो लोकांना पाहायला ठेवला आहे. २०१८ मध्ये 'मून पझल' नावाने गाजलेला, साडेपाच किलोंचा, सहा तुकड्यांचा अशनी ६,१२,५०० डॉलरला गेला तो व्हिएतनाममधल्या ताम चुक या पॅगोडा संकुलासाठी. तेलसम्राटाच्या तळघराची वाट पाहणाऱ्यांना तो यात्रेकरूंच्या गर्दीत सापडावा, ही मौजच.

उलट 'संग्रहालयात सुरक्षित' या कल्पनेची परीक्षा अपोलोच्या भेटखड्यांनी केव्हाच घेतली आहे. निक्सन सरकारने ते शंभरावर देशांना वाटले. आयर्लंडला मिळालेला अपोलो ११ चा खडा डन्सिंक वेधशाळेत होता. १९७७ मध्ये तिथे आग लागली आणि ढिगाऱ्यासोबत तो फिंग्लसच्या कचरा डेपोत गेला. आजही तो तिथेच असणार. माल्टाचा खडा २००४ मध्ये संग्रहालयातून चोरीला गेला. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये माजी पंतप्रधानांकडून आलेला 'चांद्रखडा' होता. २००९ मध्ये तपासला तेव्हा ते निघाले दगड झालेले लाकूड. एवढ्या नामांकित संग्रहालयाला जे वर्षानुवर्षे कळले नाही, ते एर्फूदच्या पोराला एका दृष्टिक्षेपात कळले असते, असे मी पैज लावून सांगेन. खुद्द नासाच्या महानिरीक्षकांनी २०११ मध्ये लिहून ठेवले की संशोधनासाठी किंवा प्रदर्शनासाठी दिलेल्या नमुन्यांपैकी ५१७ हरवले किंवा चोरीला गेले. आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या केंद्रातून प्रशिक्षणार्थींनी अख्खी तिजोरीच पळवली, तेव्हा त्यांना पकडून देणारा कोण? विक्रीचा निरोप वाचून संशय आलेला, अँटवर्पच्या हौशी खनिज मंडळातला एक संग्राहक.

सरकारे निष्काळजी असतात एवढेच मला म्हणायचे नाही. वस्तू जपली जाते ती तिची किंमत आणि तिची कागदपत्रे जपणारे कोणी असते तेव्हा. मालक सरकार आहे की माणूस, याने फारसा फरक पडत नाही.

भावाचा प्रश्न लोक नैतिक करून टाकतात. तो मला गणिताचा वाटतो. सोव्हिएत सरकारने लुना १६ ने आणलेले तीन कण, मिळून ०.२ ग्रॅम, रॉकेटकार सर्गेई कोरोल्योव यांच्या पत्नीला दिले होते. ते १९९३ मध्ये ४,४२,५०० डॉलरला आणि २०१८ मध्ये ८,५५,००० डॉलरला विकले गेले. म्हणजे ग्रॅमला सुमारे ४३ लाख डॉलर. त्याच वर्षीचा मून पझल ग्रॅमला १११ डॉलर. एकाच चंद्राचे दोन दगड, भावात जवळजवळ चाळीस हजार पटींचा फरक. पहिल्या सौद्यात विकली गेली ती यानाची कथा, दुसऱ्यात दगड. दगडाचा भाव इतका खाली आला तो शोधणारे वाढले म्हणून. पहिले चांद्र अशनी बाजारात आले तेव्हा ते मोठ्या संग्रहालयांनाही परवडत नव्हते. ज्या बाजाराने चंद्र महाग केला असे म्हणतात, त्यानेच तो स्वस्त केला.

नकलांचा मुद्दा थोडक्यात उरकतो. बाजारात खोटे चंद्र पुष्कळ आहेत, पण ते फसवतात नाव न मिळालेल्या दगडाच्या गिऱ्हाइकाला. तपासणीला चकवणे अवघड. फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम भरपूर आहे एवढ्याने चंद्र सिद्ध होत नाही. तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट इतका कॅल्शियमयुक्त आहे की इस्रोने चाचण्यांसाठी लागणारी नकली चांद्रमाती त्यापासूनच बनवली. पण पायरॉक्सीन आणि ऑलिव्हिनमधले लोह-मँगनीजचे प्रमाण, सौर वाऱ्याने रुतवलेले वायू, किरणांची समस्थानिके ही सगळी एकदम कोणी नकलू शकत नाही. फसवणूक फोफावते ती जिथे उघडा बाजार आणि उघडी तपासणी नसते तिथे. तांदूळ ओढणारे दैवी भांडे, 'राइस पुलर', नासा कोट्यवधींना घेते म्हणून आपल्या महाराष्ट्रात किती जण लुबाडले गेले, ते पोलिसांना विचारा.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो दडपून जायचा नाही. नॉर्थवेस्ट आफ्रिका हे नाव म्हणजे नेमकी जागा माहीत नाही याची कबुली आहे. जागा गेली की एका पातात किती तुकडे पडले, ते कुठवर पसरले, हे कळत नाही. एकाच दगडाचे भाऊबंद वीस नावांनी विकले जातात आणि सहाशेचा आकडा फुगतो. पण जागा लपवली का जाते? अल्जेरियातून अशनी बाहेर नेणे बेकायदा आहे. म्हणून तिथे उचललेला दगड सीमा ओलांडून मोरोक्कोत येतो आणि आपले गाव विसरतो. बंदीने दगड थांबला नाही, फक्त त्याचा पत्ता खोटा झाला. जी माहिती वाचवण्यासाठी बंदी घातली, तिचाच पहिला बळी गेला.

ओमानचे उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल. तिथे २००१ पासून स्विस संशोधक ओमानी सरकारच्या सहकार्याने शोधमोहिमा काढतात, प्रत्येक दगडाचे स्थान नोंदतात. वर उल्लेखलेला १६९ क्रमांकाचा दगड त्याच कामातून आला. आदर्श पद्धत तीच, यात वाद नाही. पण ती थोड्या प्राध्यापकांना थोडे आठवडे परवडते. सहारा त्या मापात बसत नाही. तिथे मोरोक्कोने अलीकडे धरलेला मार्ग, म्हणजे परवाना घेऊन गोळा करा, परवाना घेऊन बाहेर न्या, मला शहाणपणाचा वाटतो. तिथल्या टिसिंटला २०११ मध्ये मंगळाचा अशनी पडला तेव्हा तो भटक्यांनी शोधला, व्यापाऱ्यांनी घेतला आणि कासाब्लांकाच्या हस्ना शेन्नावी अवजहान यांच्या नेतृत्वाखाली त्याचा अभ्यास २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. भटक्याला कमी मिळते ही तक्रार योग्य आहे. पण त्याचा वाटा वाढतो तो त्याला भाव माहीत असतो आणि दुसरे गिऱ्हाईक असते तेव्हा. चोरट्या धंद्यात दोन्ही नसतात. नायजरचा दगड बेकायदा बाहेर गेल्याचे सिद्ध झाले तर तो परत करावा. तो मालकीचा न्याय झाला, त्यावरून व्यापारमात्र पाप ठरत नाही.

आपल्याकडे अशनींचा ताबा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो. डोळ्यांदेखत पडणाऱ्या दगडांसाठी ही व्यवस्था काम देते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडला, लोकांनी तुकडे वेचले, ते अभ्यासाला मिळाले आणि २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या खोल प्रावरणातले खनिज सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पण काटोलला आवाज झाला होता, उजेड झाला होता. चंद्राचा दगड न सांगता येतो. आपल्या काळ्या बेसाल्टच्या मुलखात तो कोणाला दिसणार? थरच्या वाळूत दिसेल कदाचित; पण तिथल्या मेंढपाळाने तो उचलून, जपून, ओझे वाहून कोणाकडे न्यावा आणि का न्यावा? भारतातून एकही चांद्र अशनी नोंदलेला नाही. आपल्यावर आकाशाने अन्याय केला असे मला वाटत नाही.

चांद्रयान-४ चंद्राची माती घेऊन येणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी २,१०४ कोटी रुपये मंजूर झाले. ती यावीच. ती आली तरी तिचा कण राज्यातल्या सामान्य महाविद्यालयाच्या टेबलावर येण्याची शक्यता कमी. तिथली मुले तीन वर्षे दख्खनचा बेसाल्ट फोडतात, लोणारच्या काठावर सहलीला जाऊन आघाताने वितळलेली काच पाहतात, आणि चंद्राचा खडक छायाचित्रात बघून परीक्षा देतात. नाव, वजन आणि नोंद असलेल्या फेल्डस्पारी चांद्र अशनीचा ग्रॅमभर काप मून पझलच्या भावाने तेव्हा आठ हजार रुपयांच्या आसपास पडला असता; बेसाल्टी दगड याहून महाग. भूशास्त्राच्या एखाद्या विभागाने असा काप पावतीसकट घेतला, त्याचा पातळ छेद करून दख्खनच्या छेदाशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली लावला, तर त्या व्यवहारात विज्ञानाचे नेमके काय गेले, हे पूर्वपक्षाने दाखवून द्यावे.